‘समन्वय’ या एका शब्दावर किती भार टाकायचा? परिभाषा-समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतला शास्त्रीय, वैद्यकीय आणि कार्यालयीन मजकूर मराठीत आणणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, आणि आपल्यासारख्या मंडळींनी तयार केलेल्या परिभाषा-सूच्या दिवसभर माझ्या टेबलावर उघड्या असतात. त्या सूच्यांची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात; त्यांपैकी बहुतेकांनी त्या कधी वापरलेल्या नसतात. मी त्या रोज वापरतो, म्हणूनच त्यातील एका नोंदीबद्दल सविस्तर लिहिण्याचे धाडस करीत आहे. ती नोंद ‘कोऑर्डिनेशन’ या शब्दाची. माझ्यापाशी असलेल्या निरनिराळ्या विषयांच्या सूच्यांत तिच्यापुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द दिलेला आढळतो, तो म्हणजे ‘समन्वय’. हा शब्द उत्तम आहे. परंतु तो अशा कामांना जुंपला गेला आहे की जी त्याची नव्हेत, आणि त्यामुळे ती कामेही नीट होत नाहीत आणि शब्दही झिजत चालला आहे.

हे माझ्या लक्षात आले ते एका पेन्सिलीच्या ओळीमुळे. विज्ञानविषयक लेखांच्या एका अनुवादात, धातूचा अणू आणि त्याच्याभोवती जमणारे रेणू यांच्यातील विशिष्ट बंधाला सूचीप्रमाणे मी ‘समन्वय बंध’ म्हटले होते, आणि अशा बंधांच्या संख्येला ‘समन्वय अंक’. हस्तलिखित तपासणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने समासात एवढेच लिहून ते परत पाठवले: ‘कोबाल्ट आणि अमोनिया यांच्यात आधी काही वाद होता काय?’ हसू ओसरल्यावर ध्यानात आले की बाईंनी शब्दाच्या अर्थावर अचूक बोट ठेवले होते. मराठी वाचकासमोर ‘समन्वय’ म्हटले की आधी दोन पक्ष उभे राहतात, त्यांच्यात काही अंतर असते, आणि कोणीतरी मध्ये पडून ते मिटवतो. कोबाल्टच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही.

दुसरा प्रसंग रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा. ‘अनुमस्तिष्काला इजा झाल्यास समन्वय बिघडतो’ असे वाक्य मी लिहिले; अनुमस्तिष्क म्हणजे हालचाली जुळवणारा मेंदूचा मागचा छोटा भाग. छपाईपूर्वी पत्रक काही नातेवाइकांना वाचायला दिले होते, आणि त्यांपैकी एका गृहस्थांनी अगदी गंभीरपणे विचारले, ‘कोणाकोणाचा समन्वय? डॉक्टरांचा आणि नर्सबाईंचा?’ त्याच पानावर त्या बिघाडाच्या चाचणीचे चित्र होते. रुग्णाने आपल्या तर्जनीचे टोक आधी समोरच्या डॉक्टरच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला लावायचे, पुन्हा बोटाला, पुन्हा नाकाला. ज्याला हा विकार आहे त्याचे बोट निघते बरोबर, पण लक्ष्याजवळ येता येता थरथरू लागते, एकदा पुढे निघून जाते, एकदा अलीकडेच थांबते. हाताच्या स्नायूंत बळ असते, रुग्णाची इच्छाही असते. कोणी कोणत्या क्षणी किती आवळायचे आणि कोणी त्याच क्षणी किती सोडायचे, एवढाच हिशेब चुकलेला असतो. मी ‘समन्वय’ खोडून ‘हालचालींचा मेळ’ असे लिहिले, आणि त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही.

एवढ्यावर थांबता आले असते. पण एकाच इंग्रजी शब्दाने रसायनशास्त्रात एक, वैद्यकात दुसरे आणि कचेरीत तिसरे सांगावे, आणि इंग्रजी वाचकाला त्यात काही खटकू नये, हे कसे, या प्रश्नाने मला शब्दाच्या मुळाकडे नेले. तिथे जे सापडले ते आपल्यापुढे मांडतो, कारण पर्याय ठरवताना त्याचा उपयोग होईल असे मला वाटते.

‘कोऑर्डिनेशन’ हा लॅटिन घडणीचा शब्द आहे. ‘को’ म्हणजे सह, आणि ‘ऑर्डिनातिओ’ म्हणजे मांडणी; तिच्या पोटात ‘ऑर्डो’ हे नाम आहे, ज्याचा अर्थ रांग, ओळ, श्रेणी, क्रम. या ‘ऑर्डो’चे नाते ‘ऑर्डिरी’ या क्रियापदाशी लावले जाते, आणि त्या क्रियापदाचा जुना अर्थ विणकाम सुरू करणे, मागावर ताणा चढवणे असा आहे. हे चित्र मला फार बोलके वाटते. बाणा, म्हणजे आडवा धागा, अजून पडलेला नाही, कापड अजून तयार व्हायचे आहे. मागावर आहेत ते फक्त शेजारीशेजारी बसवलेले, समांतर आणि सारख्या ताणाने ओढलेले उभे धागे. त्यांतला कोणताही धागा दुसऱ्याच्या वरचढ नाही, पण एक जरी ढिला पडला तरी पुढचे सगळे विणकाम बिघडते. ‘को-ऑर्डिनेशन’ म्हणजे मुळात असे एका रांगेत बसवणे. याच ‘ऑर्डो’च्या कुळातून ऑर्डर आली, ऑर्डिनन्स आला, आणि ‘ऑर्डर्ली’चा आपण केलेला ‘अर्दली’ही आला. जिच्यात कोणी वरिष्ठ नव्हता त्या रांगेचा एक वंशज साहेबाच्या दाराशी उभा राहावा, ही शब्दसृष्टीची एक थट्टाच म्हणायची.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो, आणि त्याचे विशेषण १६४०च्या दशकात ‘एकाच दर्जाचे’ या अर्थाने रुळते. ‘सबऑर्डिनेट’ म्हणजे खालच्या रांगेतला, ‘कोऑर्डिनेट’ म्हणजे त्याच रांगेतला. तो काळ इंग्लंडमधील यादवी युद्धाचा आहे. राजा, उमरावांचे सभागृह आणि सामान्यांचे सभागृह ही कायदे करण्याच्या बाबतीत ‘कोऑर्डिनेट’ आहेत की राजा त्या दोहोंच्या वर आहे, यावर तेव्हा पत्रके निघत होती. शब्दाचा सगळा जोर समान दर्जावर होता. तीनशे वर्षांनंतरही तो अर्थ मेलेला नव्हता. संघराज्य म्हणजे काय हे सांगताना घटनातज्ज्ञ के. सी. व्हिअर यांनी १९४६ साली लिहिले की मध्यवर्ती सरकार आणि प्रादेशिक सरकारे ही आपापल्या क्षेत्रात ‘कोऑर्डिनेट’ आणि स्वतंत्र असतात. याचे मराठी ‘समन्वयी आणि स्वतंत्र’ असे केलेले मी एका विद्यार्थ्याच्या टिपणात वाचले आहे. त्या विद्यार्थ्याने कोश पाहिला होता, त्याची काही चूक नाही. परंतु ‘दोन्ही सरकारांचा दर्जा समान’ या विधानाचे ‘दोन्ही सरकारे जुळवून घेणारी’ असे झाले, म्हणजे घटनाशास्त्रातील एक तत्त्व सौजन्याच्या सूचनेत बदलले. येथे ‘समकक्ष’ हा शब्द हाताशी होता.

आता ‘समन्वय’कडे वळू. या शब्दाबद्दल मला विशेष आस्था आहे, तेव्हा थोडा रेंगाळणार आहे.

सम् + अनु + इ अशी त्याची फोड आहे. ‘इ’ म्हणजे जाणे. संस्कृतातला हा एवढासा धातू मराठीत किती ठिकाणी लपून बसला आहे हे पाहिले की आश्चर्य वाटते. उदय म्हणजे वर जाणे, व्यय म्हणजे विखरून जाणे, उपाय म्हणजे जवळ जाण्याची वाट, अपाय म्हणजे दूर जाणे, नुकसान. प्रत्यय, पर्याय, समुदाय, समवाय, हे सारे त्याच धातूचे. ‘अन्वय’ म्हणजे मागोमाग जाणे. त्यावरून वंश हा एक अर्थ झाला, कारण पिढी पिढीच्या मागोमाग येते. संबंध हा दुसरा झाला. आणि न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, जिथे धूर तिथे अग्नी, हा नियमाने सोबत जाण्याचा प्रकार ‘अन्वय’ ठरला, तर अग्नी नाही तिथे धूर नाही, हा ‘व्यतिरेक’. कायद्याच्या मराठीत आपण ‘अमुक कलमान्वये’ लिहितो तेव्हाही त्या कलमाच्या मागोमाग चालणे हाच अर्थ जिवंत असतो, जरी लिहिणाऱ्याला त्याची आठवण नसली तरी.

संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला आणखी एक अन्वय माहीत असतो. ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे समवेता युयुत्सवः । मामकाः पाण्डवाश्चैव किमकुर्वत सञ्जय’ हा श्लोक घ्या. छंदासाठी संबोधन शेवटी गेले आहे, कर्ता दुसऱ्या ओळीत आला आहे. शिक्षक सांगतात, अन्वय लावा. आणि विद्यार्थी म्हणतो, ‘हे सञ्जय, धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे समवेताः युयुत्सवः मामकाः पाण्डवाः च एव किम् अकुर्वत’. एकही शब्द बदललेला नाही, एकही वाढवलेला नाही (‘हे’ सोडून), फक्त कोण कोणामागे जातो ते उघड झाले, आणि अर्थ लागला. गंमत अशी की त्यातला ‘समवेताः’ हाही ‘इ’ धातूचाच. युद्धासाठी जमलेले दोन पक्षही ‘सोबत गेलेले’च.

‘समन्वय’ हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. ब्रह्मसूत्रे या वेदान्ताच्या सूत्रग्रंथातील चौथे सूत्र ‘तत्तु समन्वयात्’ असे आहे आणि त्या ग्रंथाचा पहिला अध्याय समन्वयाध्याय म्हणूनच ओळखला जातो. दुसरा अविरोधाचा, तिसरा साधनाचा, चौथा फलाचा. उपनिषदांतील वाक्ये वरवर वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतात. कुठे आकाश म्हटले आहे, कुठे प्राण, कुठे ज्योती. त्या सगळ्यांचे तात्पर्य एका ब्रह्मातच आहे, असे दाखवणे म्हणजे समन्वय. लक्षात घ्या, येथे वाक्ये समान दर्जाची आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ती सर्व कशाच्या मागे जातात हा. भिन्न दिसणाऱ्यांचे एका अर्थाकडे जाणे, हा या शब्दाचा गाभा आहे, आणि तो पुढेही टिकला. विनोबांनी १९५४ साली बोधगयेत आश्रम काढला त्याचे नाव ‘समन्वय आश्रम’; तेथे वेदान्त आणि बुद्धाचा विचार यांच्या मेळाची कल्पना होती. समन्वयवादी विचारवंत असे आपण म्हणतो तेव्हाही हेच अभिप्रेत असते. कोबाल्टच्या समासातील पेन्सिलीची ओळ या हजारो वर्षांच्या अर्थाची वकिली करीत होती.

तेव्हा दोन शब्दांची दोन चित्रे आहेत. लॅटिन शब्दात धागे शेजारीशेजारी आहेत. संस्कृत शब्दात वाटसरू एकामागोमाग एका ठिकाणी निघाले आहेत. एकात दर्जा महत्त्वाचा, दुसऱ्यात दिशा. ही चित्रे परस्परविरोधी नाहीत, आणि एका ठिकाणी तर ती जवळजवळ एकमेकांना भेटतात. ते ठिकाण म्हणजे वाक्य. ग्रीकमध्ये ‘टॅक्सिस’ म्हणजे रांग, रचना, आणि ‘सिन्’ म्हणजे सह. ‘सिन्टॅक्सिस’ची घडण ‘को-ऑर्डिनेशन’च्या घडणीशी पायरी पायरीने जुळते. त्यावरून वाक्यरचनेला ‘सिन्टॅक्स’ म्हणू लागले. आणि आपल्याकडे वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध म्हणजे अन्वय. त्याच ‘टॅक्सिस’पुढे नकार लावून वैद्यकातला ‘अटॅक्सिया’ झाला, म्हणजे ज्या रुग्णाचे बोट नाकाशी पोहोचत नव्हते त्याच्या विकाराचे नाव. रांग मोडली की वाक्य बिघडते, आणि रांग मोडली की हातही बिघडतो.

आपल्या शालेय व्याकरणाने येथे किती चोख काम केले आहे ते पाहा. ‘पाऊस आला आणि वाटसरू थांबले’ यातील दोन वाक्ये समान तोलाची आहेत; ‘वाटसरू थांबले, कारण पाऊस आला’ यातील दुसरे वाक्य पहिल्याच्या आधाराने उभे आहे. इंग्रजी व्याकरण पहिल्याला ‘कोऑर्डिनेशन’ आणि दुसऱ्याला ‘सबऑर्डिनेशन’ म्हणते. मराठी व्याकरणाने जोडणाऱ्या शब्दाला उभयान्वयी अव्यय म्हटले, म्हणजे अन्वय ठेवला. आणि मग प्रधानत्वसूचक व गौणत्वसूचक असे दोन भाग करून दर्जाचा भेदही ठेवला. हिंदी व्याकरणात याच पहिल्या गटाला समानाधिकरण म्हणतात. ‘समन्वयी अव्यय’ असे कोणी केले नाही, याबद्दल त्या जुन्या वैयाकरणांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

भूमितीतही आपण सुटलो. लायब्निट्सने सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९२ च्या सुमारास, बिंदूचे स्थान सांगणाऱ्या दोन मापांना मिळून ‘कोऑर्डिनेट’ हे नाव दिले. आपण ‘निर्देशक’ म्हणालो. या शब्दात रांग नाही, सह नाही, काही नाही. स्थान दाखवणारा तो निर्देशक, बस. भाषांतरकाराने मूळ शब्दाची फोड बाजूला ठेवून काम पाहिले, आणि निर्देशक भूमितीत कोणी विद्यार्थी शब्दापाशी अडखळल्याचे मी ऐकलेले नाही.

रसायनात मात्र आपण अडकलो. आल्फ्रेड वेर्नरने १८९३ साली जो विचार मांडला, आणि ज्यासाठी त्याला १९१३ चे नोबेल मिळाले, तो असा. कोबाल्ट क्लोराइडची अमोनियासोबत अनेक संयुगे होतात. एकात सहा अमोनिया, एकात पाच, एकात चार. क्लोरीन मात्र प्रत्येकात तीनच. पण चांदीच्या नायट्रेटचे द्रावण घातले की पहिल्यातून तिन्ही क्लोरीन खाली बसतात, दुसऱ्यातून दोनच, तिसऱ्यातून एकच. वेर्नर म्हणाला की कोबाल्टभोवती सहा जागांचे एक कडे आहे. त्या जागा अमोनियाने भरल्या नाहीत तर क्लोरीन आत येऊन बसतो, आणि आत बसलेला क्लोरीन चांदीला सापडत नाही. सहा हा तो ‘कोऑर्डिनेशन’चा अंक. आपल्या रक्तातील लोहाचीही तीच कथा आहे: चार बाजूंनी चार नायट्रोजन, पाचव्या जागी प्रथिनाचा एक दुवा, आणि सहावी जागा प्राणवायूसाठी मोकळी. येथे मूळ चित्र अगदी जसेच्या तसे आहे, मध्याभोवती मांडून बसवलेल्या जागांचे. हिंदी पाठ्यपुस्तकांनी ‘उपसहसंयोजन’ असा शब्द केला आहे, जो अर्थाने बरा असला तरी जिभेला परीक्षा आहे. मराठीत काय असावे हे मी सुचवणार नाही. वर्गात शिकवणाऱ्यांना विचारा, आणि त्यांनी ‘कोऑर्डिनेशन अंक’च ठेवा म्हटले तर तेच ठेवा.

शरीराच्या हालचालींचा अर्थ तुलनेने उशिरा आला. फ्रान्समध्ये पिएर फ्लूरांसने १८२४ साली कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले की अनुमस्तिष्क काढलेला पक्षी पाहतो, ऐकतो, उडायची धडपडही करतो, पण त्याच्या हालचालींचा मेळ राहत नाही. इंग्रजीत हा अर्थ १८५५ पासून नोंदला गेला आहे. पुढे मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइनने १९२०च्या दशकात कारागिरांच्या हातोड्याच्या घावांचे टप्प्याटप्प्याने फोटो घेतले. अनुभवी कारागिराचा हातोडा दर वेळी जवळपास त्याच जागी पडतो, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग मात्र दर वेळी थोडे वेगळे असतात. एक सांधा चुकला की दुसरा ती चूक भरून काढतो. कोणताही एक स्नायू बाकीच्यांना हुकूम सोडत नाही. ‘मेळ’ म्हणजे नेमके हेच, आणि हा शब्द गाणाऱ्यालाही समजतो आणि गवंड्यालाही.

कचेरीतल्या अर्थाबद्दल मात्र जपून बोलावे लागेल, कारण तुमच्या सूचीतला सर्वांत वापरला जाणारा अर्थ तोच आहे. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ आंरी फायोलने १९१६ साली व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली: पुढचा अंदाज घेऊन आखणी करणे, संघटन करणे, आज्ञा देणे, कोऑर्डिनेशन करणे आणि नियंत्रण ठेवणे. आज्ञा आणि नियंत्रण यांच्यापासून त्याने कोऑर्डिनेशन वेगळे काढले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मॅलोन आणि क्राउस्टन या संशोधकांनी १९९४ साली त्याची व्याख्या आणखी कोरडी करून टाकली: कामे एकमेकांवर अवलंबून असतात, ते अवलंबित्व सांभाळणे म्हणजे कोऑर्डिनेशन. सिमेंट वाळल्याशिवाय फरशी बसवता येत नाही, एकच यंत्र दोघांना एकाच वेळी देता येत नाही, इतके साधे. यात ना कोणाची मनधरणी आहे, ना मतभेद. आपण मात्र त्याला समन्वय म्हटले, आणि त्यामुळे ‘समन्वयाचा अभाव’ हे कार्यालयीन मराठीतील सर्वांत सोयीचे वाक्य तयार झाले. कोणाचे काम राहिले ते सांगायचे नसेल तेव्हा ते वापरता येते, कारण समन्वय हा दोघांचा असतो, म्हणजे कोणाचाच नसतो. जुन्या मराठीत त्याच परिस्थितीला ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ असे म्हणत, आणि ते ऐकणाऱ्याला निदान पायाकडे पाहावेसे वाटे. समन्वयक या पदाचेही तसेच. त्याला आज्ञेचा अधिकार नसतो, हे फायोलच्या वर्गीकरणाशी जुळतेही. पण पदनामातला शब्द त्याला मध्यस्थाच्या खुर्चीत बसवतो, आणि वेळापत्रक आखायला आलेला माणूस समजुती काढण्यात दिवस घालवतो.

इंग्रजी शब्दालाही डाग लागलेले आहेत, हे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जर्मनीत ३१ मार्च १९३३ च्या कायद्यापासून घटकराज्ये, आणि मागोमाग संघटना, वृत्तपत्रे, विद्यापीठे, सर्व काही नाझी राजवटीच्या ताब्यात आणण्याच्या प्रक्रियेला ‘ग्लाइखशाल्टुंग’ असे नाव होते. शब्द विजेच्या तंत्रातून उचललेला, सगळे एकाच कळीवर आणणे अशा अर्थाचा. इंग्रजी इतिहासग्रंथांत त्याचे भाषांतर अनेकदा ‘कोऑर्डिनेशन’ असे केले जाते. ज्या शब्दाचा जन्म समान दर्जाच्या चित्रातून झाला, त्याच्याच आड दर्जा नाहीसा करण्याचे काम लपले. अशा संदर्भात मराठीत ‘समन्वय’ लिहिले तर ते केवळ चुकीचे होत नाही, अमानुष वाटते. तिथे ‘सक्तीचे एकसाचीकरण’ असेच काहीतरी लिहावे लागते, आणि मी तसे लिहिले आहे.

याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंगचा प्रश्न आहे. त्याने १९६० साली मांडलेला हा प्रश्न असा: उद्या न्यूयॉर्कमध्ये तुम्हाला एका व्यक्तीला भेटायचे आहे, जागा आणि वेळ ठरलेली नाही, एकमेकांशी बोलायची सोय नाही, कुठे आणि केव्हा जाल? पुष्कळांनी ग्रँड सेंट्रल स्थानक आणि दुपारचे बारा असे उत्तर दिले. आज्ञा नाही, चर्चा नाही, तरी जुळले. रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी चालवायची, हाही असाच प्रश्न आहे. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली नसते, सगळ्यांची एकच असणे चांगले असते; स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळ्या देशाची बाजू एकदम बदलली ती म्हणूनच. खेळसिद्धान्तात, म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या अभ्यासात, याला ‘कोऑर्डिनेशन गेम’ म्हणतात. समोरचा काय करील याचा अंदाज बांधून आपले पाऊल टाकणे, आणि तोही आपला अंदाज बांधतो आहे हे जाणून टाकणे. याला मराठीत ‘जुळवणी’ किंवा ‘अंदाजाचा मेळ’ म्हणून पाहिले तर विद्यार्थ्यांना ते ‘समन्वय खेळा’पेक्षा लवकर पटते, असा माझा छोटासा अनुभव आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की इंग्रजीला एक शब्द पुरतो, मग मराठीला पाच कशाला? इंग्रजीला एक पुरतो याचे कारण तिच्यात हे अर्थ एकाच कुळात, एकामागून एक, तीन-चार शतकांत वाढले. वाचकाला ती रांग दिसत नसली तरी तिची सवय असते. आपण तो शब्द एका दिवसात आयात केला आणि त्याच्यावर दुसऱ्या कुळाचे नाव चढवले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: समन्वय हा शब्द आता इतका पसरला आहे की तो मागे घेता येणार नाही, आणि भाषा समित्यांच्या हुकमाने चालत नसते. हे मला मान्य आहे. तो मागे घ्या असे माझे म्हणणेही नाही. दोन विभागांची धोरणे एकमेकांना छेद देत असतील आणि त्यांतून एक वाट काढायची असेल तर तिथे समन्वय हाच शब्द हवा. किंबहुना तिथे तो उठून दिसावा म्हणूनच इतरत्र तो जपून वापरायला हवा.

आणि पर्याय आपल्याकडे नाहीत असे थोडेच आहे? ‘सुसूत्रता’ पाहा. त्यात सूत्र आहे, म्हणजे धागा. ‘ऑर्डो’च्या मागावरच्या चित्राच्या इतक्या जवळ जाणारा दुसरा शब्द मला सापडला नाही. संस्कृतात तंत्र या शब्दाचाही एक जुना अर्थ माग, ताणा असाच आहे. ‘ताळमेळ’मध्ये हिशेब जुळल्याची छटा आहे, म्हणून निधी, साठा, वेळापत्रक यांच्यासाठी तो फिट्ट बसतो. ‘सांगड’ म्हणजे, मोल्सवर्थच्या कोशाप्रमाणे, एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या किंवा पोहताना आधाराला घेतलेली भोपळ्यांची जोडी. दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र बांधल्यामुळेच तरतात, हे सांगायचे असेल तर याहून चांगले काय असेल? ‘मेळ’ शरीराला आणि गाण्याला. ‘समकक्ष’ दर्जाला. हे शब्द घडवायचे नाहीत, फक्त कोशात त्यांच्या त्यांच्या जागी बसवायचे आहेत.

म्हणून विनंती एवढीच की पुढील आवृत्तीत ‘कोऑर्डिनेशन’ ही नोंद अर्थवार विभागावी, प्रत्येक अर्थापुढे विषय लिहावा, आणि निदान एक मराठी वाक्य द्यावे. शब्द सुटा दिला की भाषांतरकार पहिला पर्याय उचलतो. मीही उचलला होता. वाक्य दिले की त्याला आपल्या वाक्याशी ते ताडून पाहावे लागते. ‘समन्वय’ हा पर्याय नोंदीत असावाच, मात्र शेवटी, आणि ‘भिन्न मते, धोरणे किंवा विचारप्रणाली यांच्या संदर्भात’ अशा टिपेसह. रसायनशास्त्राची ओळ तूर्त मोकळी ठेवून तिथे ‘अध्यापकांच्या अभिप्रायानंतर’ असे लिहिले तरी चालेल. मोकळी ओळ चुकीच्या शब्दापेक्षा कमी नुकसान करते.

गेल्या दोन वर्षांत माझ्या कामात हा शब्द ज्या ज्या वाक्यांत आला ती वाक्ये, त्यांचे मी प्रथम केलेले आणि नंतर सुधारलेले मराठी रूप, अशी एक वही मी ठेवली आहे. त्यांतल्या काही जागी माझे अजून समाधान झालेले नाही, आणि तिथे मी समासात प्रश्नचिन्ह काढले आहे. समितीला उपयोग होणार असेल तर तिची प्रत पाठवीन. पेन्सिलीने लिहायला समास मुद्दाम रुंद सोडला आहे.

आपला नम्र,
एक अनुवादक